तेलावरचं औषध

नरकचतुर्दशीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, रत्नागिरीच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात काशीरामला कळलं की त्याची बायको सखू गेली. आधी तसं कोणी बोललं नाही. नर्स बाहेर आली आणि तिने विचारलं, "तुमच्याबरोबर कोणी बाईमाणूस आहे का?" काशीराम म्हणाला, "नाय. कशाला?" नर्स आत गेली. बरोबर आलेला शेजारी बाबल्या मात्र समजला. त्याने काशीरामच्या दंडाला धरून त्याला बाकावर बसवलं. तेव्हा काशीरामलाही समजलं.

मग डॉक्टरीणबाई आल्या. वयाने लहान होत्या, काशीरामच्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, "फिट थांबवायला सगळं केलं, पण एकीतून दुसरी येत गेली. वाटेत उलटी छातीत गेली होती. काका, आम्हाला वेळच मिळाला नाही."

काशीरामने मान हलवली. त्याच्या अंगावर अजून सणाचा नवा सदरा होता.

तासाभरापूर्वी याच बाईंनी त्याला विचारलं होतं, "यांच्या अंगाला काय लावलंय? वास कसला येतोय?"

"आज आंघोळीचा दिवस ना. तेल लावलाय."

"तेलाचा नाही हा. औषधासारखा आहे."

बाबल्या शेजारीच उभा होता. काशीराम खाली बघत हळूच म्हणाला, "खाजेचा लोशन."

"किती वेळा लावलंत?"

"एकदाच."

बाई घाईत आत गेल्या. काशीराम खोटं बोलला होता. सहा दिवसांत पाच वेळा लावलं होतं. पाचव्यांदा त्याच सकाळी, आणि पाचही वेळा त्याने स्वतःच्या हाताने.

खाज घरात आली ती गणपतीत. मुलगी तेजस्वी विरारहून सात दिवसांसाठी आली होती. तिची मुलगी वेदिका पाच वर्षांची. आजीशिवाय झोपायची नाही. पोरीच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या होत्या. तेजस्वी म्हणाली, "पाण्याचा त्रास आहे, होतं तिकडे असं." गौरीगणपती झाले, मंडळी परत गेली, आणि पितृपक्षाच्या सुमाराला सखू खाजवायला लागली. आधी मनगटं, मग काखा, मग पोट. दिवसा कामात कळायचं नाही, पण अंथरुणाला पाठ टेकली की सुरू.

खरूज हा शब्द सखूने तोंडातून काढला नाही. त्या वाडीत खरूज म्हणजे घाणेरड्या माणसाचा रोग. सखूचं घर सारवलेलं, भांडी घासलेली, उंबऱ्यावर रोज रांगोळी. ती बचतगटाच्या बायकांबरोबर कुळथाचं पीठ करायला जायची, ते तिने बंद केलं. बायकांनी विचारलं तर सांगायची, गुडघा धरलाय. नवरात्रात भोंडल्यालाही गेली नाही.

"चल पावसच्या डॉक्टराकडं," काशीराम म्हणायचा.

"नको वो. तिथं कंपाउंडर म्हणजे आपल्या शेजारणीचा भाचा. उद्या सगळ्या वाडीत होईल."

म्हणून मग ती दोघं एसटीने रत्नागिरीला गेली. तिथल्या डॉक्टरने सखूच्या हातावर बॅटरी मारून बघितलं आणि मलम लिहून दिलं. म्हणाला, "दोघांनीही लावायचं. अंग कोरडं पाहिजे. मानेपासून पायापर्यंत एकदाच, आणि सकाळी धुऊन टाकायचं. लागलंच तर आठवड्याने पुन्हा, त्याच्या आधी नाही. खाज पंधरा दिवस राहील, घाबरायचं नाही." काशीराम ऐकत होता. त्याने ऐकलं नव्हतं, असं नंतरही त्याला म्हणता येणार नव्हतं.

येताना उशीर झाला आणि औषध घ्यायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी ते त्याने गावाजवळच्या विनोदच्या मेडिकलमधून आणलं. विनोद चिठ्ठी बघून म्हणाला, "काशीकाका, हे मलम नाय माझ्याकडं. पण काम तेच करणारं लोशन हाय. जुना औषध हाय, हल्ली डॉक्टर लिहीत नाहीत फारसा, पण कडक हाय. कशाला रत्नागिरीपर्यंत परत जाताय?"

"तेच ना पण?"

"खरजेचाच हाय. जपून लावा म्हणजे झाला."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं उभी होती. विनोदने खरजेचं नाव एवढ्या मोठ्याने घेतलं म्हणून काशीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाटली पिशवीत टाकून तो निघाला. बाटलीवर काय लिहिलंय ते त्याने वाचलं नाही.

काशीराम तीस वर्षं आंब्याच्या बागांतून फवारणी करत होता. पावसपासून गोळपपर्यंत कोणाच्या कलमांवर तुडतुड्याची कीड पडली की काशीरामला निरोप यायचा. पंप, नळी, बांबू, सगळं त्याचं स्वतःचं. फवारणीचा एक हात मारल्यावर तुडतुडा मेला नाही तर दुसरा हात मारायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे स्टिकर. नुसतं औषध पानावरून ओघळून जातं. म्हणून त्यात चिकट स्टिकर घालतात, की औषध पानाला धरून राहतं. स्टिकर न घालता फवारणी करणाऱ्यांना तो हसायचा. "पाण्यासारखा पैसा ओततात आणि औषध जातंय मातीत."

पहिल्या संध्याकाळी त्याने सखूला सांगितल्याप्रमाणे लावलं. सकाळी तिने धुतलं. स्वतःच्या हाताला त्याने थोडं चोपडलं, बाकी काही लावलं नाही. त्याला खाज नव्हती.

दुसऱ्या दिवशी खाज होतीच. तिसऱ्या दिवशीही होती.

"काय गो, कमी नाय?"

"नाय वो. उलट जास्तच वाटते."

"डोस कमी पडला. अंग कोरडा हाय ना तुझा, धरतच नाय औषध. थांब."

तो उठला आणि खोबरेलाची वाटी घेऊन आला. आधी अंगभर तेल, वर लोशन. सखू हसली. म्हणाली, "मी काय कलम हाय तुमचा?"

"कलमासारखी ऱ्हा गप. हलू नको."

"मग मोहर कधी येणार ते पण सांगा."

"ह्या वयात मोहर नको, फळ नको. फक्त खाज जाऊ दे."

दोघंही हसली. खूप दिवसांनी हसली होती. तेल लावल्यावर त्वचेची आग कमी व्हायची, त्यामुळे सखूला बरं वाटायचं. तेजस्वीचा फोन आला तेव्हा तिने कौतुकाने सांगितलं, "तुझ्या बाबांनी युक्ती काढलेनी. आधी तेल, मग औषध. बागेतली युक्ती."

तिसऱ्यांदा लावल्यावर सखूच्या ओठांना मुंग्या यायला लागल्या. चौथ्या वेळेनंतर ती चकल्या करायला बसली तर सोऱ्या हातात धरवेना. हात मध्येच उडायचा. पिठाची कडी तुटून पडायची.

"अवो, माझा डोका हलका वाटतोय. आणि हे बघा, हात कसा उडतोय."

"झोप नाय झाली तुझी. आणि औषध लागतंय म्हणजे उतारा पडतोय. पालवीवर फवारला तर पालवी पण दोन दिवस मान टाकते."

सखूने पुन्हा सोऱ्या उचलला. काशीरामच्या बोलण्यावर तिचा विश्वास होता. औषधांतलं त्याला कळतं, असं ती सगळ्यांना सांगायची.

याला काय म्हणावं ते काशीरामला पुढे कधी कळलं नाही. कारण फवारणी करताना तो स्वतः तोंडाला फडका बांधायचा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा, घरी येऊन साबणाने दोनदा आंघोळ करायचा. उघड्या कातडीवाटे औषध आत जातं, घाम आला की जास्त जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बरोबरच्या गड्यांना तो ते ओरडून सांगायचा. पण ते बागेचं औषध. हे माणसाचं, मेडिकलमधून आलेलं. माणसाला लावायचंच म्हणून केलेलं. दोन्ही एकाच जातीची विषं असतील हे त्याच्या मनाला शिवलंच नाही.

चतुर्दशीला दोघं पहाटे उठली. घरात दुसरं कोणी नव्हतं. सखूने त्याच्या पाठीला तेल लावलं, मग त्याने तिच्या. उटणं, कढत पाणी. तुळशीपुढे कारीट फोडलं. आंघोळीनंतर सखूचं अंग लालबुंद झालं होतं आणि खाज इतकी उठली की ती दाराच्या चौकटीला पाठ घासायला लागली.

"आज सण हाय. चार माणसं येतील पोहे खायला. त्यांच्यासमोर कसा बसू मी?"

"ये इकडं," काशीराम म्हणाला.

तिने परत थोडं तेल लावून घेतलं. अंग अजून गरम होतं. त्याने बाटली हलवली आणि तिच्या पाठीला, पोटाला, पायांना भरपूर लोशन चोळलं. मग ती नवं लुगडं नेसली.

आठ वाजता बाबल्या आला. "वैनी, दडपे पोहे झाले काय? का नुसता गोड तोंडाला पुसणार?"

"बस. दोन्ही झालेत. तू आधी हात धू, बैलासारखा ये-जा करतोस."

ते तिचं शेवटचं नीट वाक्य. बशीत पोहे वाढताना तिचा हात झटकन वर गेला आणि बशी बाबल्याच्या मांडीवर पडली. तो हसायला लागला, "काय वैनी, भरवायचं हाय काय?" मग त्याने तिचे डोळे बघितले. सखू उभ्या जागी ताठ झाली आणि चुलीच्या बाजूला कोसळली. सगळं अंग झाडासारखं हलत होतं.

"कांदा फोडा! कांदा लावा नाकाला!" बाबल्या ओरडला. काशीरामने कांदा फोडला. मग चप्पल लावून बघितली. अर्धा तास त्यात गेला. मध्ये ती थांबली, डोळे उघडून बघितलं, पण काशीरामला ओळखलं नाही. दुसरी फिट आली तेव्हा बाबल्याने टेम्पो काढला. भाट्याच्या पुलावर तिसरी आली. काशीरामने तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिचं अंग तेलाने निसटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तो "पाच वेळा, तेलावर" म्हणाला असता तर? त्यांनी अंग धुऊन घेतलं असतं, हे त्याला पुढे कळलं. पण तेव्हा बाबल्या शेजारी होता. एवढे दिवस सखूने जे झाकलं ते बाबल्यासमोर उघडं करायला त्याची जीभ वळली नाही. आणि एकदा म्हटलं की चिठ्ठीतही एकदाच होतं, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा राहत नव्हती. सखू वाचली असती की नाही हे कोणालाच सांगता आलं नसतं. त्यालाही ते कधी कळणार नव्हतं.

वाडीत सगळ्यांनी ठरवलं, डोक्यात रक्त गेलं. बाबल्याच्या कानावर खाजेच्या लोशनाचं पडलं होतं, पण त्याने ते कुठे बोलून दाखवलं नाही. दहावं, बारावं, तेरावं झालं. तेजस्वी रडून रडून सुजली होती. तिला एकच लागलं होतं, की आईने दिवाळीला बोलावलं आणि आपण भाऊबीजेपर्यंत येऊ म्हणून टाळलं.

चौदाव्या दिवशी दुपारी काशीराम मागल्या पडवीत पंपाची नळी गुंडाळत बसला होता. आतून वेदिकाचा आवाज आला, "आई, गार लागतंय." तो सहज उठून आत गेला. तेजस्वीने पोरीचा फ्रॉक काढला होता. पोरगी चड्डीवर उभी होती, अंग तेलाने चमकत होतं. तेजस्वीच्या मांडीशी ती बाटली होती. झाकण उघडं होतं.

"काय करतेस?"

"हिची खाज जातच नाही बाबा. तिकडे क्रीम दिलं होतं, संपलं. आई म्हणालेली ना फोनवर, आधी तेल आणि मग..."

काशीरामने बाटली हिसकावली. इतक्या जोरात, की लोशन तेजस्वीच्या साडीवर उडालं. तो धावत मागे गेला आणि बाटली परसातल्या जांभ्याच्या खडकावर आपटली. प्लास्टिकची बाटली. फुटली नाही, उडून कुंपणाच्या गडग्यापाशी पडली. त्याने ती उचलली, उलटी धरली आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत तसाच उभा राहिला.

तेजस्वी पाठोपाठ आली होती. "वेड लागलंय का तुम्हाला? अर्धी बाटली होती!"

"पुसून काढ पोरीचा अंग. काय लागला असेल तर साबणान धू. आधी धू!"

"अहो पण का?"

काशीरामने तोंड उघडलं. सांगायचं तर हीच वेळ होती. समोर त्याची मुलगी उभी होती, तिच्यामागे दारात तेलाने निथळणारी वेदिका. तो म्हणाला, "तारीख गेलेली हाय त्याची. एक्स्पायर."

तेजस्वीचे डोळे त्याच्या हातातल्या बाटलीवर गेले. मग तिचा चेहरा बदलला. "तारीख गेलेलं? तेच आईला लावत होता?"

"मला ठाऊक नव्हता."

"कोणी दिलं हे? विनोदने? मेडिकलवाल्याने?" तिने त्याच्या हातातून बाटली घेतली. तेलाच्या हातांनी लेबल केव्हाच पुसलं होतं, अक्षरं दिसत नव्हती. "बाबा, म्हणजे आई ह्याच्यामुळे... तुम्ही एवढे दिवस बोलला नाहीत?"

काशीरामने मान खाली घातली. तिने ते हो धरलं.

संध्याकाळी ती एकटीच विनोदच्या दुकानात गेली. काय काय झालं ते काशीरामला बाबल्याने सांगितलं. तेजस्वी दुकानात उभी राहून ओरडली, बाटली काउंटरवर आपटली, रस्त्यावर माणसं जमली. विनोद म्हणत होता, "ताई, मी तारीख बघून दिला होता, आईच्यान." कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक औषधाला पुढच्या दुकानात जायला लागले.

तिसऱ्या दिवशी विनोद घरी आला. तेजस्वी विरारला निघून गेली होती. तो अंगणात उभा राहिला, वर आला नाही.

"काशीकाका, माझी चूक हाय. चिठ्ठीतला सोडून दुसरा दिला. ती मी कुठेही कबूल करीन. पण तारीख गेलेली नव्हती हो. तुम्ही तरी सांगा. तुम्ही बाटली बघितली होती."

"मी वाचली नाय."

"मग तारीख गेली हे कसा कळला तुम्हाला?"

काशीरामच्या हातात सुपारीचा अडकित्ता होता. तो सुपारी कातरत राहिला.

"किती वेळा लावलंत, काका?"

"जा विनोद," काशीराम म्हणाला. "घरात सुतक हाय."

सुतक कधीच फिटलं होतं. दोघांनाही ते माहीत होतं. विनोद गेला.

त्यानंतरच्या सोमवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. औषधाने कोणाला त्रास झाला तर वर कळवायचा एक फॉर्म असतो, म्हणाल्या. दवाखान्यातली माहिती माझ्याकडे आहे, पण घरी किती दिवस लावलं, कसं लावलं, ते तुमच्याकडून पाहिजे. "काका, कोणावर केस करायला नाही. पुढच्या माणसाला उपयोग होतो. एकदाच लावून एवढं होत नाही सहसा, म्हणून विचारते. तेल लावलं होतं ना त्या दिवशी? तेलावर लावलं तर ते कितीतरी जास्त आत जातं. मज्जातंतूंवर जातं ते. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?"

"अंग कोरडा पाहिजे म्हणून सांगितला होता," काशीराम म्हणाला.

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "या एकदा. बसून लिहू."

"येतो."

तो गेला. गुरुवारच्या एसटीने गेला, दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला. आत व्हरांड्यात तोच बाक दिसत होता आणि त्यावर कोणीतरी म्हातारी डबा घेऊन बसली होती. काशीराम फाटकाबाहेर तासभर उभा राहिला आणि दुपारच्या गाडीने परत आला.

आता मोहराचे दिवस आहेत. तुडतुडा फार आहे यंदा. काशीरामला निरोप येतात आणि तो जात नाही. पंप त्याने बाबल्याला देऊन टाकला. बाबल्या त्याला विचारायला येतो, कुठलं औषध किती घालू, आणि काशीराम म्हणतो, डब्यावर लिहिलंय ते वाच आणि तेवढंच घाल. बाबल्याला वाटतं दादा तुटक बोलतो.

तेजस्वी रविवारी फोन करते. वेदिकाची खाज नव्या क्रीमने गेली. मागच्या रविवारी तेजस्वी म्हणाली, विनोदच्या विरोधात तक्रार लिहिली आहे, तुमची सही लागेल, गुढीपाडव्याला येते तेव्हा घेऊन येते. काशीराम म्हणाला, बरं.

पाडव्याला अजून एक महिना आहे. औषध कोणी, किती वेळा आणि कशावर लावलं, हे काशीरामने तिला अजून सांगितलेलं नाही.